वळणांना नंबर द्या हो साहेब

चिखलदऱ्याच्या घाटरस्त्याचं काम ज्यांच्या टेबलावर आहे त्या साहेबांना,

नमस्कार साहेब. तुमचं नाव मुद्दामच लिहिलं नाही, कारण एक तर त्या खुर्चीवर माणसं बदलत राहतात आणि दुसरं म्हणजे मला कोणा एकाशी भांडायचं नाही, मला काम पाहिजे. परतवाड्यावरून धामणगाव गढीकडून जो रोड वर चढतो ना, त्या रोडवर घाट लागायच्या आधी टीनाचं एक सायकलचं दुकान आहे, समोर जुने टायर लटकवलेले, बाजूला हवेची टाकी, ते माझं. तुम्ही गाडीतून जाता तेव्हा काच वर असते म्हणून दिसलं नसेल. बाबांपासूनचं दुकान आहे. आधी दूधवाल्या गवळी लोकांच्या चोवीस इंची सायकली यायच्या, मागे दोन कॅन, मग सरकारच्या मानव विकास योजनेतून पोरींना मिळालेल्या सायकली यायला लागल्या, आणि आता आठ-दहा वर्षांपासून अमरावती, अकोला, नागपूरकडची पोरं येतात, पातळ टायरच्या, वाकड्या हँडलच्या सायकली घेऊन, ज्यांच्या एका टायरच्या किमतीत माझ्याकडे पूर्वी अख्खी सायकल यायची. त्यांच्या नादानं मी पण घाट चढायला लागलो. छर्रे बदलता बदलता एका गिऱ्हाईकाची जुनी रोडबाईक अर्ध्या भावात घेतली, रिमचा आऊट काढला, केबला बदलल्या आणि निघालो. तेव्हापासून आठवड्यातून एक दिवस घाट ठरलेला. सोमवारी. दुकान बंद असते आणि घाट पण रिकामा असतो.

शनिवार-रविवारी पावसाळ्यात तर तिथं माणसानं जाऊच नये, धुक्यात हॉर्न वाजवत गाड्यांची रांग लागलेली असते, देवी पॉईंटपाशी कणीस खाऊन कणसाचं बुरकुंड रोडवर फेकतात. पण सोमवार ते शुक्रवार पहाटे, आणि त्यातल्या त्यात दिवाळीनंतर ते होळीपर्यंत, साहेब तुम्ही एकदा तरी गाडीतून उतरून पायी दोन वळणं चालून पाहा. सागाचं पान पडलं तरी आवाज येते. वरून वानर खेकसलं की समजायचं काहीतरी फिरून राहिलं झाडीत, आपण घंटी वाजवत राहायचं, रानगवा रोडवर असला तर थांबून जायचं, तो आपल्या टायमानं बाजूला होते, आपण घाई केली तर आपलंच नुकसान. मेळघाट वाघाचा पहिल्या नऊ प्रकल्पातला, 1973-74 पासूनचा, हे आम्हाला शाळेतच पाठ करायला लावलं होतं, पण खरं समजते ते पहाटे पाच वाजता एकट्यानं सायकल चालवताना, जेव्हा हेडलाईटच्या उजेडाच्या बाहेर आपल्याला काहीच दिसत नाही आणि आपण मात्र सगळ्यांना दिसतो.

आता हिशोब सांगतो, कारण तुम्ही आकड्यांचे लोक. अचलपूर-परतवाडा समुद्रसपाटीपासून साधारण 370 मीटर, चिखलदरा 1118. म्हणजे साडेसातशे मीटर वर जायचं. मी आणि सायकल मिळून 85 किलो. एका इंजिनिअर गिऱ्हाईकानं मला दुकानातल्या स्टुलावर बसून कागदावर मांडून दिलं होतं की एवढं ओझं एवढं उंच चढवायला शरीराचे सहाशे कॅलरीच्या आसपास जळते, हवेचा आणि टायरचा विरोध वेगळा. म्हणजे सहा केळं. मी केळं नेत नाही, गूळ आणि फल्ली नेतो, खिशात मावते आणि दबत नाही. बाबांच्या वेळी पुढे 44 दाताची चैनव्हील आणि मागे 18 दाताचं फ्रीव्हील असलेल्या सायकलीवर गवळी लोक निम्मा घाट चालत ढकलत नेत आणि निम्मा बसून, आता या पोरांच्या सायकलीला पुढे 34, मागे 32, म्हणजे पायडल एक फेरा आणि चाकही जवळपास एकच फेरा, असं की म्हातारा माणूस पण बसल्या बसल्या चढेल, फक्त वेळ लागेल.

पण साहेब मी पत्र चढाईसाठी लिहीत नाही. चढताना माणूस पडला तर जागेवर पडते, आठ-दहाच्या स्पीडनं काय होते, गुडघा खरचटते. गोष्ट उताराची आहे. जेवढी ताकद लावून ते 85 किलो वर नेलं, तेवढी सगळी परत येताना कुठून तरी बाहेर काढावी लागते, थोडी हवा खाते आणि बाकीची ब्रेकच्या गुटक्यातून आणि रिममधून गरमी होऊन निघते. मी हात लावून पाहिलं आहे, पूर्ण उतार सतत ब्रेक दाबून आलेल्या पोराच्या रिमला हात लावला की बोट चिकटते. सकाळी थंडीत 100 पीएसआय दाबाची हवा भरलेला टायर, रिम पासष्ट डिग्रीला गेली तर 115 होऊन बसते, आणि आमच्या इकडे मे महिन्यात तर रोडच तवा असतो. म्हणून मी प्रत्येक पोराला सांगतो, ब्रेक दाबून ठेवू नको, दाब-सोड दाब-सोड, वळणाच्या आधी स्पीड मार, वळणात शिरल्यावर ब्रेकला हात नाही. हे सगळं पोरगं शिकू शकते. पण वळणाच्या पलीकडे तुम्ही काय टाकून ठेवलं ते पोरगं कसं शिकणार?

आता मुद्द्यावर येतो. मागच्या मार्चची गोष्ट. होळी होऊन आठवडा झालेला, कोरकू गावांमधला फगवा नुकताच संपलेला, मोह टपकायला लागलेला. मी आणि माझा भाचा, 19 वर्षाचा, कॉलेजमध्ये आहे, साडेचारला निघालो, वर चहा घेतला, रबडीचं दुकान उघडायचं होतं म्हणून थांबलो नाही आणि उतरायला लागलो. भाचा पुढे, मी मागे, पन्नास-साठ मीटरचं अंतर ठेवून, कारण सुक्या रोडवर पन्नासच्या स्पीडला उतारावर थांबायचं म्हटलं तर समजेपर्यंतचं धरून चाळीस-पंचेचाळीस मीटर जातेच. जाताना अंधारात आम्ही चढाच्या बाजूनं गेलो होतो म्हणून दिसलं नाही की उताराच्या बाजूला एका वळणात नवीन पॅच मारला आहे. मार्च एंडिंगचं काम. खाली डांबराचा हात, वर बारीक गिट्टी पसरलेली, रोलर फिरवल्यासारखा केलेला, आणि उरलेली गिट्टी तशीच. झाडलेली नाही. बोर्ड नाही. दोन टायर उभे करून ठेवायचे, झाडाची फांदी आडवी टाकायची, तेवढं पण नाही. आमच्या इकडे ट्रक बिघडला तर ड्रायव्हर पण फांदी टाकते हो.

मला फक्त आवाज आला. फर्रर्र असा, आणि मग काहीच नाही.

मी पोचलो तेव्हा भाचा कठड्याला टेकून बसलेला, सायकल पलीकडे, हेल्मेटला भेग, डावा हात उजव्या हातात धरलेला आणि खांद्याच्या पुढे गळ्याचं हाड वर आलेलं कापडातूनही दिसत होतं. मला म्हणे, "मामा, काही नाही झालं, फक्त उठनं नाही होऊन रायलं." आणि मग डोळे फिरवले त्यानं. खोटं कशाला बोलू, त्या वेळी माझ्या मनात पहिला विचार कोणता आला असेल तर तो म्हणजे ब्रेक. ती सायकल मीच बांधली होती. गुटके मी बसवले, केबल मी ओढली. नंतर दवाखान्यात, घरी, चौकात, ज्यानं त्यानं हेच विचारलं, ब्रेक कोनं लावले होते? मी त्या दिवशी संध्याकाळी सायकल उलटी करून सगळं उघडून पाहिलं, गुटके नीट, केबल नीट, रिम नीट, आणि मागच्या टायरच्या रबरात तुमची गिट्टी रुतलेली, अकरा खडे निघाले. ते मी पन्नीत बांधून ठेवले. माझ्या हातावर शंका घेतली कोणी तर दाखवतो.

मोबाईलला तिथं टॉवर नाही. त्या घाटात टॉवर कुठं पकडते ते इथल्या लोकांना माहीत असते, अमुक दगडावर उभं राहा, तमुक झाडाच्या खालच्या बाजूला, आणि ढग आले की तेही जाते. नशिबानं मोह वेचायला चार कोरकू बाया आणि एक पोरगा आलेला होता, टोपल्या तशाच ठेवून त्या धावत आल्या, एकीनं लुगड्याचा पदर फाडून हात गळ्यात बांधून दिला, इतका नीट की नंतर डॉक्टरनं विचारलं हे कोणी केलं. भाच्याला उचलून आम्ही सावलीत नेलं. पोरगा वर धावला टॉवर पकडायला, माझा मोबाईल घेऊन. त्यानं ॲम्ब्युलन्सला फोन लावला. आणि तिकडून पहिला प्रश्न आला, कुठी हाय तुमी?

आता सांगा साहेब, कुठी आहो आम्ही?

परतवाडा-चिखलदरा रोडवर. बरोबर. किती किलोमीटरला? माहीत नाही, कारण तिथला किलोमीटरचा दगड रायमुनियाच्या झुडपात गेलेला आहे, मी नंतर कोयता घेऊन शोधला तेव्हा सापडला. आणि दगड दिसला असता तरी एका किलोमीटरमध्ये चार-पाच वळणं एकावर एक रचलेली असतात, वरच्या रोडवरून थुंकलं तर खालच्या रोडवर पडते, मग आम्ही त्यातल्या कोणत्या मजल्यावर? लोकेशन टाका म्हणते पलीकडचा. नेटच नाही तर लोकेशन काय हवेत टाकू? भाच्याच्या सायकलच्या मीटरवर जीपीएसचे आकडे होते, त्याला टॉवर लागत नाही हे मला पण समजते, पण ते एवढे लांब आकडे मी पाठ करून पोराला सांगायचे, पोरानं वर धावत जायचं, तोपर्यंत लाईन तुटलेली. शेवटी पोरानं इथले सगळे सांगतात तसंच सांगितलं. म्हणे, ट्रक पडला ते वळण.

साहेब, या घाटात ट्रक पडला ती तीन वळणं आहेत. तुम्हाला नसेल माहीत, ज्याच्या त्याच्या वयावर आहे. म्हाताऱ्या माणसाला विचारलं तर तो लाकडाचा ट्रक सांगते, माझ्या वयाच्याला विचारलं तर सिमेंटचा, आणि पोरांना विचारलं तर संत्र्याचा, जो मृग बहाराचा माल घेऊन उलटला होता आणि दोन दिवस अख्खी गावं तिथं संत्री खायला जात होती. पोरगा संत्र्याचा ट्रक म्हणत होता. ड्रायव्हर सिमेंटच्या ट्रकवर जाऊन थांबला.

आम्हाला सायरन ऐकू येत होता. हेच मला आजवर झोपू देत नाही. खालून सायरन वर येत होता, जवळ आला, अजून जवळ आला, आणि थांबला. बाया म्हणत होत्या आली आली. आणि ती येईनाच. मग परत सायरन चालू झाला आणि लांब जायला लागला. मी भाच्याला त्या बायांच्या भरवशावर सोडलं, सायकल उचलली आणि त्याच गिट्टीवरून पाय घासत खाली निघालो, हात इतके थरथरत होते की ब्रेक दाबला आहे का नाही ते समजेना. ॲम्ब्युलन्स गाठली तेव्हा ड्रायव्हर गाडी वळवून परत निघाला होता, त्याला वाटलं कोणीतरी खोटा फोन केला. त्याचा काही दोष नाही, त्यानं सांगितलेल्या जागी येऊन पाहिलं, उतरून आवाज दिला, कठड्यावरून खाली वाकून पाहिलं. आमच्यापासून तो किती लांब होता सांगू? दोन वळणं. फक्त दोन वळणं खाली.

भाचा आता ठीक आहे. प्लेट टाकली आहे, पाऊस यायचा असला की दुखते म्हणे, हवामान खात्याच्या आधी सांगते. पण त्याच्या जागी पोटातून रक्त जाणारा कोणी असता तर हे पत्र वेगळं झालं असतं.

म्हणून माझं मागणं एकच आहे. वळणांना नंबर द्या. खालून वर, एक पासून शेवटपर्यंत, प्रत्येक वळणाच्या कठड्यावर मोठ्या अक्षरात, वरून येणाऱ्याला पण दिसेल आणि खालून जाणाऱ्याला पण. बस. मग लहान पोरगं पण फोनवर सांगेल, सतरा नंबरवर आहो.

हे काही मी डोक्यातून काढलेलं नाही. तमिळनाडूत वालपराईला जाणाऱ्या घाटात 40 वळणं आहेत आणि सगळ्यांना नंबर आहेत, नवव्या वळणावर धरण दिसते म्हणून लोक तिथं फोटो काढतात आणि नववं वळण म्हणूनच ओळखतात. कोल्ली हिल्सला 70. ऊटीच्या कल्हट्टी घाटात 36. माझ्याकडे ट्यूब घ्यायला येणारा एक नागपूरचा पोरगा आहे, दोनशे-तीनशे किलोमीटरच्या त्या ब्रेव्हे करत फिरते, रात्रभर सायकल चालवायची आणि साडेतेरा तासात दोनशे पुरे करायचे, त्यानं मला फोटो दाखवले. तिकडे फ्रान्समध्ये आल्प द्युएझ म्हणून चढ आहे, टूर द फ्रान्स या मोठ्या सायकल शर्यतीतला, तिथं 21 वळणं आणि प्रत्येकाला पाटी, पण ते उलटे मोजतात, पायथ्याला 21 आणि वर 1, म्हणजे चढणाऱ्याला समजते की आता किती उरली. आपल्याला तसली हौस नको, आपण सरळ मोजू. पण बोर्डावर एकूण किती ते लिहिलं तर बरं, पाच बटा इतके, म्हणजे नवीन माणसाला अंदाज येते.

तुमचा एक माणूस मला म्हणाला होता (ऑफिसात गेलो होतो मी, दोन वेळा, अर्ज दिला, पावती घेतली, पावती आहे माझ्याकडे), की घाटातले सायकलवाले किती, वर्षाला पन्नास, त्यांच्यासाठी कुठं बोर्ड लावत बसू. मी तेव्हा गप्प बसलो, घरी आल्यावर उत्तर सुचलं, माझं नेहमीच असं होते. सायकलवाला फक्त सगळ्यात आधी पडते, दादा. पातळ टायर आहे त्याचा म्हणून त्याला तुमची गिट्टी आधी समजते. त्याच्या मागे मोटरसायकलवर दुधाचे कॅन घेऊन येणारा गवळी आहे, पहाटे खव्याचं ओझं घेऊन उतरणारा आहे, मे महिन्यात तेंदूपत्त्याचे गठ्ठे डोक्यावर घेऊन रोडच्या कडेनं चालणाऱ्या बाया आहेत, एसटी आहे, आणि पावसाळ्यात धुक्यात पहिल्यांदा घाट चढवणारा नवीन लायसनवाला आहे ज्याला खालच्या गिअरमध्ये उतरायचं असते हेच कोणी सांगितलं नाही. शांत रोड आहे म्हणजे तिथं कोणी नाही असं नसते. शांत रोडवर फक्त आवाज द्यायला कोणी नसते.

दुसरं म्हणे की बोर्ड लावायचा तर खांब गाडावा लागते, खोदावं लागते, जंगलाची हद्द, मग परवानगी. मी म्हणतो खांब कशाला? खांब लावला तर एक तर लोखंड चोरीला जाईल नाहीतर वानर बसून वाकवेल. कठडा आहे ना, तो तुम्हीच बांधलेला आहे, तुमचाच आहे, तो तुम्ही दरवर्षी पिवळा-काळा रंगवताच, त्याच रंगात दोन आकडे जास्त. रात्रीसाठी ते काचेचे बारीक मणी टाकलेला चमकणारा रंग रोडच्या पट्ट्यांना वापरता ना, तो थोडा वापरा. फक्त कठड्यावर, रोडवर नको, रोडवर वळणात पांढरा जाड पट्टा पावसात इतका गुळगुळीत होते की मी तिथून सायकल सरळ उभी ठेवूनच नेतो.

आता रोडवर आलोच आहे तर गिट्टीचं बोलून टाकतो. पॅच मारल्यावर उरलेली चुरी झाडायला दोन बाया आणि दोन खराटे लागतात, अर्ध्या दिवसाची रोजी. आणि गावाजवळचे ते स्पीड ब्रेकर, तुमच्या इंडियन रोड्स काँग्रेसच्या पुस्तकात दहा सेंटीमीटर उंच आणि 3.7 मीटर रुंद गोलाई लिहिली आहे, तो इंजिनिअर गिऱ्हाईक मला दाखवत होता, आणि आमच्याकडे डुक्कर आडवं पडल्यासारखे आहेत, उंची भरपूर आणि रुंदी नाहीच. ते असो. तो विषय काढला तर मला दुसरं पत्र लिहावं लागेल.

तुमच्याविषयी माझ्या मनात नुसता राग आहे असं समजू नका. त्याच पुस्तकात म्हणे असं आहे की हेअरपिन वळणात, म्हणजे रोड उलटा फिरते त्या वळणात, चढ चाळीस मीटरला एक मीटरच्या वर जाऊ द्यायचा नाही, बाकी रोड कितीही चढो, आणि आतल्या बाजूची गोलाई 14 मीटरच्या कमी नको. मला हे समजलं तेव्हा मी थक्क झालो, कारण एवढी वर्षं मी वळण आलं की मोठा श्वास घेत होतो, दोन घोट पाणी पीत होतो, मला वाटायचं माझंच काहीतरी आहे, वळण दिसलं की अंगात जोर येते. तर ते कोण्या एका साहेबानं कागदावर आधीच लिहून ठेवलेलं होतं, ट्रकसाठी असेल, बैलबंडीसाठी असेल, पण श्वास मला मिळाला. उजव्या हाताचं वळण तर चढताना आपल्याला बाहेरून मिळते, लांब पडते पण एकदम सपाट, आणि डाव्या हाताचं आतून, तिथं पाय मोडतात. हे ज्यानं आखलं त्याला मी कधी भेटलो नाही पण दर सोमवारी त्याची आठवण काढतो. 1803 च्या डिसेंबरात इंग्रजांनी गाविलगड घ्यायला याच डोंगरातून तोफा ओढत नेल्या, वाट नव्हती तर वाट कापत नेल्या, असं वाचलं तेव्हा पण माझ्या डोक्यात पहिलं हेच आलं की चढ किती ठेवला असेल बैलांसाठी.

तर ज्यांच्या नकाशात प्रत्येक वळणाचा हिशोब आहे, गोलाई किती, उतार किती, कोणत्या मीटरला सुरू आणि कोणत्या मीटरला संपते, त्यांना नुसता एक आकडा बाहेर भिंतीवर लिहायला एवढं जड का जावं हे मला समजत नाही.

आम्ही लिहून पाहिलं साहेब. लपवत नाही. भाच्याचा हात गळ्यातून सुटला तसं एका सोमवारी पांढऱ्या ऑइल पेंटचा अर्ध्या लिटरचा डबा घेऊन निघालो दोघं. आधी मोजायला गेलो तर भांडण. मी मोजलं की एक आकडा, तो मोजते तर तीन जास्त, कारण तो म्हणे जिथं हँडल फिरवावं लागते ते वळण, मी म्हणे जिथं पलीकडचं दिसत नाही ते वळण. अर्धा तास आम्ही रोडच्या कडेला बसून यावरच वाद घातला, एक एसटी ड्रायव्हर थांबून विचारून गेला की काही पडलं काय. शेवटी पहिल्या सातांवर एकमत झालं तेवढे रंगवले.

त्यानंतर एका पावसाळी रात्री आठ वाजता मला फोन आला. वरच्या गवळी वाड्यातला ओळखीचा माणूस, मोटरसायकलचा मागचा टायर फुटला, बायको सोबत, लेकरू अंगावर. म्हणे, "भाऊ, पाच नंबरवर आहो." एवढंच बोलला आणि लाईन कट. मी ट्यूब, पंप, टॉर्च घेतली आणि सरळ पाचवर जाऊन उभा राहिलो. एकदा पण थांबून पाहावं लागलं नाही, कोणाला आवाज द्यावा लागला नाही. धुकं इतकं होतं की कठड्याजवळ गेल्यावरच आकडा दिसला, आणि आकड्याच्या खाली ते तिघं बसलेले.

मग हिवाळ्यात कोणीतरी मोठे येणार म्हणून एका आठवड्यात सगळे कठडे पिवळे-काळे झाले. आमचे सात आकडे खाली गेले. मी रंगवणाऱ्या मजुराला विचारलं, अरे तिथं नंबर होते ना? तो बिचारा म्हणे, "होते न भाऊ, मले वाटलं कोन्या पोट्ट्याईनं प्रेमाचं काही लिहून ठेवलं."

आता परत रंगवायला माझी तयारी आहे. डबा अर्धा उरला आहे, बाकीचा मी आणतो, माणसं पण माझी, सोमवारी गिऱ्हाईक नसतेच. पण या वेळी मला तुमच्याकडून दोन गोष्टी पाहिजेत. एक म्हणजे तुमच्या नकाशातला वळणांचा कागद, म्हणजे माझं आणि भाच्याचं भांडण मिटेल आणि तुम्ही जो नंबर द्याल तोच ॲम्ब्युलन्सवाल्यांकडे, पोलिसांकडे आणि एसटीच्या डेपोत जाईल, नाहीतर मी लिहिलेला पाच आणि त्यांच्या कागदातला पाच वेगळा निघाला तर परत ट्रकवालीच गोष्ट. आणि दुसरं म्हणजे एक चिठ्ठी, सहीशिक्क्याची, की हे आकडे पुसू नका.

दुकान सकाळी सातला उघडते. मी नसलो तर भाचा असते, त्याला सगळं माहीत आहे. गिट्टीची पन्नी गल्ल्याच्या वरच्या खिळ्याला टांगलेली आहे, अकरा खडे, पाहायचे असतील तर उतरवून देतो.

तुमचा,
घाटाखालचा पंक्चरवाला